जावयाच्या बांधीचे पाणी बंद

मुक्काम सासर, कामठ्याच्या पलीकडे
सोमवार, रोवणीचे दिवस, २००९

पूज्य तुलसीराम मामाजी,

तुमच्या पायावर डोके ठेवून नमस्कार (ज्या पायाला सूज नसेल त्या). मामीजींचा खोकला कसा आहे? दवनीवाड्यात पाऊस आला का? इकडे आभाळ रोज भरून येते आणि नुसतेच बघून जाते. मी ठीक आहे, म्हणजे जेवतो. पण एका जागी बसवत नाही. हे पत्र ओसरीत सुरू केले, गोठ्यापाशी आणले आणि आता विहिरीच्या कठड्यावर लिहून राहिलो आहे. (फोन केला असता, पण तुम्ही फोनवर इतक्या मोठ्याने बोलता की भूमेश्वरी स्वयंपाकघरातून उत्तर देते.)

तर हकीकत अशी. तुमची भाचेसून भूमेश्वरी या तिच्या माहेरगावची सरपंच झाली, तेव्हापासून मला वाटू लागले की गोंदियाच्या कॉलेजात तासिकेवर जे राजकीय अर्थशास्त्र शिकवतो ते पाजळायला आता हक्काचे गाव मिळाले. विकसनशील देशातला कारभार का फसतो, यावर मी पोरांपुढे महिनोन्महिने बोलतो. सार एवढेच की जी वस्तू सगळ्यांची, तिच्यासाठी कोणीच घाम गाळत नाही, कारण न गाळताही वाटा मिळतो. अशा माणसाला पुस्तकात मोठे नाव आहे, आपण फुकट्या म्हणू. आता इथली तलावाचे पाणी शेतात नेणारी नहर घ्या. धानाच्या रोवणीआधी घरटी एका माणसाने येऊन आपल्या वाट्याचा गाळ काढायचा, ही जुनी रीत. पण अर्धी घरे फिरकत नाहीत आणि पाणी मात्र सगळ्यांच्या धानाच्या बांधीत जाते. मी भूमेश्वरीला म्हटले, जो येणार नाही त्याला पाणी नाही, असा ठराव कर. आणि कोणाचा वाटा दुसऱ्याने उपसायचा नाही, हेही घाल. ती म्हणाली, "पाहा बरं. मंग कोनासाठी वाकाचं नाही." मी म्हटले, न वाकणे हाच तर सिद्धांताचा कणा आहे. (हे वाक्य मी वर्गातही वापरतो.)

ठराव झाला आणि ठरल्या दिवशी अख्खे गाव नहरीवर लोटले. सिद्धांत लागू पडला! मला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता. भूमेश्वरी तालुक्याच्या बैठकीला गेलेली, सासरे चुन्नीलालजींचे गुडघे तुम्ही जाणताच, तेव्हा आमच्या घरचा माणूस म्हणून मीच गेलो, पँट दुमडून. पण मामाजी, मी पडलो गावचा जावई. प्राध्यापक, सरपंचबाईंचा नवरा वगैरे नंतर. फावड्याला हात लावला तोच सुकराम (आमचा बांधशेजारी, माणूस प्रेमळ आणि म्हणूनच घातक) धावत आला. "अरे बापा! जावईबापूच्या हाती फावडा? गावानं तोंड कोठी लपवाचं जी? बसा तुमी!" फावडा गेला, मोहाच्या झाडाखाली घोंगडे आले, मग चहा, मग चिवडा. उठलो की बसवत, पुन्हा उठलो की पुन्हा बसवत. बसल्याबसल्या मी तरी काय करणार? फुकट्याचा सिद्धांत समजावून सांगितला. लोक गाळ उपसता उपसता माना डोलवत होते. मला वाटले, पटते आहे.

ग्रामसभेत विचारणा झाली, कोणत्या घराचा वाटा राहिला? एकच निघाला, नहरीच्या टोकाचा, आमचा. सुकराम हात जोडून उभा राहिला. "जावईबापू होते जी, पन ते पाहुने. पाहुना घरचा मानूस कसा धराचा?" मी सरपंचबाईंकडे आशेने पाहिले. पुस्तकात लिहिले आहे की अशा देशांत कायदा सत्तेतल्यांच्या नातेवाइकांपाशी येऊन मऊ पडतो. पुस्तक लिहिणाऱ्याने माझी बायको पाहिलेली नाही. तिने आमच्या बांधीचे पाणी बंद केले आणि पुढचा विषय घेतला, हातपंपाचा.

आता रोवायचे पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडून राहिले आहेत. रोवणीला सुलोचनाबाईंची बायांची टोळी गुरुवारची ठरली आहे. बांधीत चिखल नसेल तर त्या सरळ दुसऱ्या गावाला जातील, त्यांचेही पोट आहे. मग पऱ्हे निबर होणार आणि वर्षाचे धान गेले. सासरे पऱ्ह्यांकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मला भीती वाटते, मामाजी. अंगणात फेऱ्या घालतो तर भूमेश्वरी म्हणते, "तुमचाच कायदा हाये ना? मंग काऊन चकरा मारून राहिले?"

असो. मामीजींना नमस्कार, लीलाधरला आशीर्वाद. इकडली काळजी करू नये.

तुमचा भाचा,
ओमेश्वर

ता. क. काळजी करावी. लीलाधरला उद्या सकाळीच पाठवा. मामेभाऊ म्हणजे घरचाच माणूस, आणि तो या गावचा जावई नाही, म्हणून त्याला कोणी अडवणार नाही. विचारले तर सहज भेटायला आलो म्हणावे.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात सुकराम आला. गावाने म्हणे ठरवले, जावई नुसता बसला तरी हजर धरायचा आणि पाणी सोडायचे. मी त्याला मिठीच मारणार होतो. भूमेश्वरीने सगळे ऐकून घेतले. "मंग पुढच्या साली घरोघरचे जावई येऊन बसतील. गाळ कोन काढंल?" एवढे म्हणून तिने पदर खोचला, फावडा उचलला आणि चालू लागली. हे मी आता नहरीच्या काठावरून लिहितो आहे. गावची सरपंच कमरेएवढ्या चरात एकटी गाळ उपसते आहे. गाव काठावर उभे आहे; कोणाचा वाटा दुसऱ्याने उपसायचा नाही, हा ठराव माझाच. मी खाली उतरू लागलो तर मला धरून बसवले. लाज वाटते मामाजी, खरेच लाज वाटते.

लीलाधरला पाठवू नका. हे पत्र बिसराम दूधवाला घेऊन येतो आहे, त्याच्याच हाती एक फावडा पाठवा. आमच्या घरात एकच होता, आणि या गावात जावयाला कोणी देत नाही.