जिन्यावरची माणसं

ता. ६ जून

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे दादाच्या पत्रातून कळलं आणि जीव भांड्यात पडला. पट्टी सुटेपर्यंत स्वस्थ पडून राहा. हे पत्र वहिनी तुम्हाला वाचून दाखवणार, म्हणजे यात तिची चेष्टा करायची सोय राहिली नाही.

इथे आमच्या अव्वल कारकुनांची कंबर धरली, म्हणून गावच्या बोर्डाच्या गेल्या सभेला टेबलाशी मी बसले. एरवी दुय्यम कारकुनाने मागच्या बाकावरून फायली पुढे सरकवायच्या आणि गप्प बसायचं. विषय नेमका काकांचा होता. खालच्या गल्लीतला दवाखाना बंद करून बाजारामागच्या नव्या इमारतीत न्यायचा. बोर्डाचे सभासद झाल्यापासून काकांनी या ठरावासाठी किती चपला झिजवल्यात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आमच्याकडची रीत अशी, की मत घेण्याआधी ज्यांना बोलायचंय त्यांनी नावाची चिठ्ठी कारकुनाकडे द्यायची आणि कारकुनाने एकेकाला हाक मारायची. खालच्या गल्लीतून बरीच माणसं आली होती, पण खुर्च्या बाजारातल्या दुकानदारांनी आधीच धरून ठेवलेल्या. त्यामुळे चिठ्ठ्या देऊन ही मंडळी बाहेर जिन्यावर उभी राहिली. त्यांचा एवढा गलका, की अध्यक्षांचा शब्द ऐकू येईना. पहिल्याच सभेचा वृत्तांत चुकीचा लिहिला तर काय, या धास्तीत जिन्यावर कोण उभं आहे याचा विचारही न करता मी शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं.

दार लागलं, सगळं स्वच्छ ऐकू येऊ लागलं आणि मी खूश झाले. मग चिठ्ठ्या वाचून हाका मारल्या, तर कुणीच उठेना. अध्यक्ष म्हणाले, कुणाला बोलायचं दिसत नाही, मत घेऊन टाकू. ठराव मंजूर झाला. सभा संपून दार उघडलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हाका मारत होते ती सगळी माणसं बंद दारापलीकडे वाट बघत होती. एका इस्त्रीवालीने मला विचारलं, आमची पाळी कधी येणार?

आता वृत्तांत मला लिहायचाय. कुणी बोलायला पुढे आलं नाही, एवढंच लिहा, असं अध्यक्ष म्हणतात. पुढच्याच सभेत मला नोकरीत कायम करण्याचा विषय आहे. दार मी लावायला सांगितलं हे मी आणि शिपाई सोडून कुणाला माहीत नाही, आणि शिपाई म्हणतो की ताई, मी तोंड उघडणार नाही. मला मात्र जेवण जात नाही. काय करू ते कळवा.

तुमची,
ठकू

ता. ११ जून

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

(अक्षर वहिनीचं, मजकूर बाबांचा. कंसातलं तेवढं माझं.)

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा वाटलं, सूनबाईच काहीतरी गाळून वाचतेय. (बघा, खापर माझ्यावरच.) या नोकरीसाठी किती खेटे घातलेस ते मी पाहिलंय. कायम होईपर्यंत तोंडाला कुलूप लाव. नंतर काय धर्मराज व्हायचंय ते हो. शिवाय ठराव मांडणारा माझा धाकटा भाऊ आहे. माझ्या मुलीने त्याला चार लोकांत खाली बघायला लावलं, तर मी त्याच्या घरी कुठल्या तोंडाने जाऊ? आणि दवाखाना काही परमुलखात जात नाहीये. बाजारामागे तर जातोय.

(जसंच्या तसं लिहिलं. आता ऐका, वन्सं. बाजारामागे जायला तो मोठा चढ आहे. दिवस राहिले होते तेव्हा काकांकडे आले असताना मी तो चढलेय, आणि मध्येच एका ओट्यावर बसून रडलेय. मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवते. एवढा वेळ काय लिहितेस म्हणून बाबा ओरडतायत. पत्ता लिहितेय म्हटलं.)

प्रकृतीला जप. काकांशी गोडीने राहा.

तुझे,
बाबा

ता. १५ जून

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा शब्द आजवर मोडला नाही. हा मोडणार आहे, म्हणून नमस्कार दोनदा घ्या.

कायम होईपर्यंत थांबले तर तोवर दवाखान्याची कपाटं हललेली असतील. मग खरं बोलून कुणाच्या उपयोगी पडायचं? त्या इस्त्रीवालीच्या सासूच्या पायाला जखम आहे, रोज मलमपट्टी लागते. दवाखाना शेजारी आहे म्हणून ती म्हातारीला धरून नेते आणि परत इस्त्रीला उभी राहते. हेच सांगायला ती काम टाकून आली होती, आणि मी तिच्या तोंडावर दार लावलं. माझा वृत्तांत नीट व्हावा म्हणून! बाबा, मला माझीच चीड येते.

सभेत अचानक कळायला नको, म्हणून काकांना घरी जाऊन आधी सांगितलं. ते भडकले. घरचंच माणूस मुळावर उठलं म्हणाले. जुन्या दवाखान्याचं छप्पर गळतं, औषधं भिजतात, हे तुला दिसत नाही का, असंही विचारलं. दिसतं, आणि ते खोटं नाही. मी म्हटलं, ठराव चांगला असेल तर लोकांसमोरही टिकेल. त्यावर त्यांनी पाठ फिरवली. काकूंनी दारापर्यंत सोडलं.

वृत्तांत लिहून ठेवलाय. तुम्ही रागावा, पण पत्र पाठवायचं थांबवू नका.

तुमची,
ठकू

ता. १९ जून

चि. ठकूस आशीर्वाद.

स्वतःच्याच मनाने करायचं होतं तर मला विचारलंस कशाला?

(इथे बाबा उठून खिडकीशी गेले. तुमचं पत्र माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग त्या म्हातारीला उचलून न्यायला घरात कुणी पुरुषमाणूस आहे का, असं मला विचारलं. मला कसं माहीत असणार? आता पुढचं सांगतायत.)

ठरवलंच आहेस तर माघार घेऊ नकोस. अर्धवट बोललीस तर नोकरीही जाईल आणि दवाखानाही. स्पष्ट आवाजात सांग आणि रडू नकोस. भाऊ माझा आहे, त्याचं मी बघून घेईन.

तुझे,
बाबा

ता. १२ जुलै

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

उशीर केला, कारण सगळं निस्तरल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सभेच्या सुरुवातीला मागच्या सभेचा वृत्तांत वाचायची पद्धत आहे. मी उभी राहिले आणि दार माझ्या सांगण्यावरून लावलं गेलं, चिठ्ठी दिलेली माणसं त्यामुळे बाहेर राहिली, असं वाचलं. अध्यक्षांचा चेहरा उतरला. पण एकदा सभेत वाचलेलं त्यांना दडपता येईना. ठराव रद्द धरून लोकांना त्याच सभेत पुन्हा बोलवावं लागलं.

इस्त्रीवाली बोलली. आधी चाचरली, मग बोर्डाला असं फैलावर घेतलं की दुकानदारसुद्धा गप्प झाले. दवाखाना जायचाच ठरला, छपराचं खरं होतं. पण मलमपट्टी आणि इंजेक्शनं रोज सकाळी खालच्या गल्लीतच होतील, असं त्यात घातलं. काकांनी तोंड वाकडं केलं, पण हात वर केला.

मग माझा विषय निघाला. नात्यातले म्हणून काका रीतीप्रमाणे बाहेर गेले. मला कायम केलं नाही. वर्षभर पुन्हा उमेदवारी, आणि वर सक्त समज. हे होणार याची मनाची तयारी होती, तरी घरी येऊन पोटभर रडले. सभेत नाही रडले.

अव्वल कारकून अजून अंथरुणावरच आहेत. त्यामुळे त्या सभेचा वृत्तांतही मीच लिहिला, मला दिलेली समज धरून. काल तो सगळ्यांपुढे वाचला. दुय्यम कारकुनाने कामात गंभीर चूक केली, सबब तिला समज देण्यात येत आहे, हे वाचताना आवाज पडू दिला नाही. वाचून झाल्यावर अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं, वृत्तांत बरोबर आहे का? काका मान खाली घालून बसलेले. कुणीच बोलेना. कारकुनाने अशा वेळी बोलायचं नसतं, तरी मीच सांगितलं, बरोबर आहे.

वहिनीला नमस्कार, कंसाबाहेर. तुमची माया अशीच राहू द्या.

तुमची,
ठकू