सर, मी बार्सिलोनाचं मैदान पाहून आले

सर,

गेल्या महिन्यात मी बार्सिलोनाला जाऊन आले. लेक तिथं नोकरीला आहे, तिच्या बाळंतपणासाठी गेले होते. आल्यापासून गुडघे दुखतात, झोप पुरत नाही, बॅगा अजून तशाच भिंतीला लावून ठेवल्यात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या गावाचं काही सांगायचं म्हटलं की मला दुसरं कुणी आठवत नाही.

वालूरच्या शाळेत तुम्ही आम्हा मुलींना सॉफ्टबॉल शिकवायचात आणि बोलायचात मात्र बेसबॉलबद्दल. "दोघी बहिणीच आहेत गं, चेंडू तेवढा लहान-मोठा," असं म्हणायचात. ब्याण्णवचं ऑलिंपिक जवळ आलं तेव्हा तुम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत बार्सिलोना लिहिलंत. बेसबॉलला तिथं पहिल्यांदाच पदकं मिळणार होती. मग एक दिवस कळलं, की सामने पाहायला क्रीडाशिक्षकांची एक तुकडी जायलीय आणि तिच्यात तुमचं नाव आहे. शाळेनं निरोप समारंभ ठेवला. शाल, नारळ, हार. सरपंचांनी भाषणात बार्सिलोना इंग्लंडात नेऊन ठेवलं आणि तुम्ही खाली मान घालून हसलात. मेहुण्याचा कोट मागून आणला होतात, बाह्या जरा आखूड होत्या. माझ्या आईनं शेंगदाण्याची चटणी करून दिली. "एवढ्या लांब जायलेत सर, तिथं त्यांना काय गोड लागंल," म्हणाली.

निघायच्या तोंडावर तुमचं नाव कापलं गेलं. विद्यापीठाचं नामांतर व्हायलाच पाहिजे, असं तुम्ही मास्तरांच्या खोलीत उघड बोलायचात, त्याचा कुणाला तरी राग आला, असं काही जण म्हणायचे. काही म्हणायचे, वशिल्याचा माणूस घुसला. खरं काय ते मला आजही माहीत नाही. तुम्ही कधी सांगितलं नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मैदानावर येणार नाहीत असंच आम्हाला वाटलं होतं. पावसानं उघडीप दिली होती, काळी माती बुटाला चिकटत होती. स्टँडवरच्या हॉटेलातून एकानं हाक मारली, "काय सर, बार्सिलोनाचं इमान चुकलं का?" तुम्ही थांबलात, "हां, चुकलं," म्हणालात आणि शिट्टी गळ्यात अडकवून आमच्याकडे आलात. मला चेंडू टाकता येईना. डोळे सारखे भरून यायचे, चेंडू कुठंही जायचा. "रडायचं असंल तर घरी जा," तुम्ही ओरडलात. "मी इथं नेम शिकवायलोय." तुम्ही माझ्यावर ओरडल्याचं तेवढंच आठवतं. मी चेंडू उचलला आणि अंधार पडेपर्यंत टाकत राहिले.

सुटल्यावर तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. तुमच्या बायको, आम्हा मुलींच्या बाई, चुलीपुढं भाकरी थापतायत, तुम्ही पाट मांडताय, शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाज येतोय. सगळी गल्ली तिथं ऑलिंपिक बघायला जमलीय. बाई म्हणतात, "जाऊन बघा की थोडं." तुम्ही आईच्या चटणीचा डबा उघडता, माझ्या ताटात वाढता, मग स्वतःच्या. "लय जवळून बघायचं ठरवलं होतं," तुम्ही म्हणता. "आता लांबून नको." बाई तव्यावरची भाकरी उलटतात.

विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली तेव्हा तुम्ही परभणीच्या दवाखान्यात होतात. बाईंनी पेपर वाचून दाखवला, तुम्ही पुन्हा वाचायला लावलात, असं त्या सांगायच्या. पुढचा उन्हाळा तुम्ही पाहिला नाहीत.

तर, ते मैदान. अंतिम सामना झाला ते मैदान खास बार्सिलोनातलं नाही, शहराला लागून असलेल्या गावातलं आहे. जावयानं मला तिथं नेलं. आता तिथं फुटबॉल खेळतात. मी जाळीला धरून उभी राहिले आणि एवढ्या लांब येऊन आपण काय बघायलोय, तेच मला कळेना. माझं तोंड बघून जावयानं इकडं तिकडं चौकशी केली आणि मला शहरातल्या डोंगरावर नेलं. तिथं अजून बेसबॉलचं मैदान आहे. पोरं खेळत होती, बहुतेक समुद्रापलीकडच्या देशांतून येऊन राहिलेल्या घरांतली. एक म्हातारा माती सारखी करत होता. तो मूळचा क्यूबाचा. साडीतली बाई इतका वेळ खेळ बघतेय म्हणून तो जवळ आला. जावई मध्ये बोलत होता. हा खेळ कसा ठाऊक, त्यानं विचारलं. आमच्या सरांनी शिकवला, मी सांगितलं. ते कधी इकडं आले होते का, त्यानं पुढं विचारलं.

मी हो म्हणाले. ब्याण्णवला आले होते, अंतिम सामना पाहिला त्यांनी, असंही सांगितलं. जावयाला खरं-खोटं काही ठाऊक नव्हतं, त्यानं तसंच पुढं सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "म्हणजे आमची पोरं सुवर्णपदक जिंकली, ते त्यांनी बघितलं," म्हणाला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. पण तुमच्या नावावर मी एवढं खोटं बोलले आणि ते मागं घ्यावंसं मला वाटत नाही.