आता तरी थांबव

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार (कागदावरच, पाठ धरली आहे). तुझी तब्येत, नव्या ऑफिसातली खुर्ची आणि तिथे तुझ्या शेजारी बसणारा माणूस, सगळे बरे असोत. शेवटच्याबद्दल माझा फार आग्रह नाही.

गेला आठवडाभर तुझी आठवण येते आहे, कारण तुझं जुनं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. आपला डीबगर (आत्याला तू सांगायचीस तसं, चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून त्याच्या पोटात डोकावणारं यंत्र) नीट चालतो का हे बघणाऱ्या चाचण्या, आणि त्या चाचण्यांच्या हाताखाली तू लिहून ठेवलेली मदतनीस फंक्शनं (एकेक ठरावीक काम करणारे प्रोग्रॅमचे तुकडे). हुकूम असा, की दुरुस्त कर आणि सोपी कर. आता प्रोग्रॅम थांबवून तो थांबला का ते सांगायचं, या एकाच कामाला तू तीन मदतनीस ठेवलेले. मराठीत नावं सांगायची तर 'थांबव', 'नीट थांबव' आणि 'आता तरी थांबव'. तुझा पारा कसकसा चढत गेला ते नावांवरूनच कळतं. मी पहिली दोन एकत्र केली, जरा कडक केली, आणि इतकी वर्षं पास होऊन हिरव्यागार असलेल्या चाचण्या धडाधड नापास, लाल झाल्या. घरचं दूध मीच नासवलं अशा नजरेने साहेब बघू लागले. शोधता शोधता कळलं, घोळ तुझाच. प्रोग्रॅम कुठेही न थांबता शेवटपर्यंत पळून संपून गेला, तरी तुझं 'नीट थांबव' बिनदिक्कत सांगायचं, थांबला म्हणून. (हलत नाही ना, मग थांबलाच, हा तुझा न्याय.) थांबलेला वेगळा आणि संपलेला वेगळा, हे मी त्याला शिकवलं.

स्वतः मात्र शिकलो नाही. तू नोकरी सोडून गेलीस, तरी तू जरा कुठे थांबली आहेस असंच मी धरून चालतो. माझ्या कपाबरोबर तुझाही कप धुऊन ठेवतो. काही अडलं की मान आपसूक डावीकडे वळते. तिथे आता प्रिंटर आहे. तोही अडतो, पण बोलत नाही. फार चुकल्याचुकल्यासारखं होतं, ताई.

आत्याला नमस्कार सांग.

तुझा मामेभाऊ

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. 'आता तरी थांबव' आता कुणीच वापरत नाही, साहेब म्हणतात काढून टाक. पण आपल्याकडचा नियम तुला ठाऊक आहे, ज्याचं लिखाण त्याची संमती आल्याशिवाय काढायचं नाही. तुझ्या हातचं इथे तेवढंच उरलंय. वर तुझी टीपही आहे : 'कुणी काढू नये. का ते आठवत नाही.' तरी संमती पाठव. साहेब रोज विचारतात.

आणखी ता. क. साहेबांना मी सांगून ठेवलं आहे, की ताई कुणाच्या पत्राला उत्तर म्हणून देत नाही. मला खोटं पाडू नकोस. लिहायचं ते घरच्या पत्त्यावर लिही, आणि भरपूर लिही.