पुरणाचं पाणी

९ ऑगस्ट
सकाळी ओट्यावरून पाहिलं. गल्लीतल्या सगळ्या बायका सलमाभाभीच्या विहिरीवर. शेजारची विमलसुद्धा. लग्न होऊन आली तेव्हापासून हिने आमच्याच विहिरीचं पाणी भरलं. आज माझ्या दारावरून कळशी घेऊन गेली, मान वर केली नाही. असा जळफळाट झाला! चहा अर्धा टाकून दिला.

११ ऑगस्ट
आमच्या विहिरीला औषधाचा वास येतो. लिहिलं एकदाचं. मागचं वावर दिवाकरला मक्त्याने दिलंय. कपाशीवर फवारायचं औषध तो आमच्या विहिरीवरच कालवतो, पंपही तिथेच धुतो. त्याचं पाहून आजूबाजूचेही. सासूबाईंचं सांगणं होतं, विहिरीवरून कुणाला परत पाठवायचं नाही. नाही पाठवलं. भाभीने मात्र पंपवाल्यांना दारातूनच हाकललं होतं. "पियाचं पानी हाय हे. पंप कायले आनता इथं?" तेव्हा सगळ्यांनी तिला कंजूष म्हटलं. मी जरा जास्तच.

१७ ऑगस्ट
महालक्ष्म्या तोंडावर आल्या. गल्लीतल्या सगळ्या घरांत पुरणाची डाळ आमच्या विहिरीच्या पाण्यात शिजायची, लोण्यासारखी. पहिली घागर सासूबाई स्वतः भरून द्यायच्या, त्यांच्यामागे मी. आज विमल म्हणते, "वहिनी, औंदा भाभीकडूनच आनतो आमी सगळ्या. तुमच्यासाठी बी सांगून ठेवू काय?"
माझ्यासाठी!
'बघू' म्हटलं आणि आत येऊन भांडी आपटली. हे पेपरात तोंड घालून, "काय पडलं?" काय सांगायचं यांना.

२० ऑगस्ट
भाभी स्वतः आली. "ताई, तुमी कायले येता? मी घागर पाठवतो ना." नवरा गॅरेजात राबतो, हिच्या घरात धड दोन खुर्च्या नाहीत, पण विहिरीमुळे आता गल्लीची मालकीण. बोलते किती गोड! त्याचाच राग येतो. टाकून बोलली असती तर मलाही चार शब्द सुनावता आले असते.

२४ ऑगस्ट
दिवाकर आला, पंप पाठीवर. विहिरीत डोकावून म्हणतो, "काकू, तुमच्या पान्याचा लय वास येऊन राह्यला. हातपाय धुवाले बी नको वाटते." घाण केली कुणी, नाक मुरडतंय कोण! म्हटलं, मग भाभीकडे जा.
"ते भरू देत नाई न."
"माझं नाव सांग. एक दिवस भरू दे म्हणावं."
तोंडातून निघून गेलं. निघून कसलं, चांगलं विचार करून बोलले.

२५ ऑगस्ट
दिवाकर खूश. "तुमचं नाव घेतलं त भाभीनं सोताच दोर देल्ला." औषध कुठे कालवलं, पंप कुठे धुतला, विचारलं नाही. तोंडाशी आलं होतं, तरी नाही.

२९ ऑगस्ट
आज पुन्हा ओट्यावर. बायका भरून राहिल्या, हसून राहिल्या, कुणाची काही तक्रार नाही. हायसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर चडफडलेही. आमचीच विहीर तेवढी नासायची होती?

१ सप्टें.
आज महालक्ष्म्यांचं जेवण. भाभीची घागर सकाळीच आली, तोंडाला धुतलेलं फडकं बांधून. ओंजळीत घेऊन हुंगलं. येतो. यांना हुंगायला लावलं. "कसला वास? तुझ्या नाकातच बसलाय तो." विमलला विचारलं, ती म्हणे झकास आहे, माझी डाळ तर शिजत बी आली.
पुन्हा हुंगलं. येतो. का मलाच यावासा वाटतो?
भाभी मघाशी दारातून विचारून गेली, "ताई, कमी पडन त अजून आनू काय?" मी नको म्हटलं. पोरंबाळं घेऊन तीही तेच पिते.
तिला सांगायचं तर दिवाकरचं सांगावं लागेल. आणि दिवाकरने तिला आधीच माझं नाव सांगितलंय.
पाहुणे यायला लागले. डाळ पातेल्यात, घागर शेजारी. गॅस अजून लावला नाही.