शिवणवाल्यांची थोरली

४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून डायरी. कारण तसंच आहे. विद्यापीठाच्या अर्काइव्हमध्ये मला काम मिळालं. पगार नाही, पण गळ्यात अडकवायचं कार्ड आहे. त्यावर माझा फोटो आणि फोटोखाली 'स्वयंसेवक'. 'सल्लागार' जास्त शोभलं असतं. सुचवीन.

काम असं: आमच्या जुन्या रंगारी वस्तीच्या तोंडाशी एक फोटो स्टुडिओ होता. नदीकाठी कापड रंगवणारी माणसं, त्यांची लग्नं, शाळा, रंगकारखान्याचं फाटक, सगळं त्या फोटोग्राफरनं टिपून ठेवलं. मग वस्ती उठली. लोक शहराच्या चार टोकांना नव्या इमारतींत गेले. फोटोग्राफर वारला. पोरांनी खोकीच्या खोकी विद्यापीठाला देऊन टाकली. चेहरे ढीगभर, नाव एकाचंही नाही. तेव्हा वस्तीतल्या जुन्या माणसांनी यायचं आणि चेहरे ओळखायचे. थोडक्यात, शहराचा इतिहास आता माझ्या स्मरणशक्तीवर उभा आहे.

हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, काल तुमचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला.

वस्ती सुटली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पण चौकस होतो.

६ नोव्हेंबर, बुधवार
अर्काइव्हच्या बाई तरुण आहेत. हळू बोलतात, हातमोजे घालायला लावतात. प्रत्येक फोटोबरोबर एक कागद: कोण, कुठे, कशावरून. पहिले दोन रकाने ठीक. तिसरा मला अपमानास्पद वाटतो. कशावरून म्हणजे काय, डोळ्यांवरून, असं मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत. यापुढे तिथे 'वैयक्तिक स्मृती' असं लिहायचं ठरवलं. वजनदार वाटतं.

जोडीला एक निवृत्त पोस्टमन आहे. तोही वस्तीतलाच, माझ्याहून मोठा. फोटो नाकाशी नेतो, बराच वेळ बघतो आणि 'नाही बुवा ओळखत' म्हणतो. पुढचा फोटो. नाही बुवा ओळखत. या माणसानं जन्मभर पत्रं कुणाच्या घरात टाकली देव जाणे.

आज मीही काही ओळखलं नाही. पण माझं न ओळखणं वेगळं. मी विचार करत होतो.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
पहिली ओळख पटवली. फाटकाशी उभा जाड मिशीचा माणूस. मुकादम. त्या काळी मुकादमाला मिशी असायचीच. बाईंचा चेहरा असा काही खुलला की पुढच्या फोटोला नाही म्हणवेना. संध्याकाळपर्यंत एक दाई, एक पहिलवान आणि दोन जावा ओळखल्या. जावाच असणार. एकमेकींकडे बघत नव्हत्या.

चहाबरोबर बाईंनी बिस्किटांचा पुडा माझ्यापुढे सरकवला. पोस्टमननं हात लांब करून घेतलं.

११ नोव्हेंबर, सोमवार
मुकादम दुसऱ्या फोटोत निघाला. डोक्यावर पावांची पाटी. मागे भट्टी.

जरा टोचलं. मग कागदावर लिहिलं, 'पुढे बेकरीत लागला.' माणसं धंदे बदलतात. मी स्वतः पाणीपुरवठ्यात लागण्याआधी छत्र्यांच्या दुकानात होतो.

तरीही नियम केला. उद्यापासून खात्री असेल तरच बोलायचं.

१३ नोव्हेंबर, बुधवार
नियम दुपारपर्यंत पाळला. जेवणाची वेळ झाली होती आणि खोक्यात शेवटचा फोटो उरला होता. सतरा-अठरा वर्षांची मुलगी. ओल्या कापडांच्या दोरीशी उभी, ऊन डोळ्यांवर, एक हात कपाळाशी. बाई म्हणाल्या, ही ओळखू आली असती तर किती बरं झालं असतं, प्रदर्शनात पहिला हाच लावायचा विचार आहे.

मी म्हणालो, ही तर मधल्या गल्लीतल्या शिवणवाल्यांची थोरली.

मधल्या गल्लीत शिवणाचं मशीन होतं हे खरं आहे. त्याचा आवाज मला आजही आठवतो. त्या घरात मुली होत्या हेही बहुधा खरं आहे. घर तिथे मुली. एवढ्यावर एवढा मोठा निष्कर्ष काढायला अभ्यास लागतो.

जेवण गेलं नाही. भाजी तिखट होती.

१८ नोव्हेंबर, सोमवार
विद्यापीठाच्या लांब व्हरांड्यात प्रदर्शन लागलं. मुलगी पहिल्याच भिंतीवर, मोठी करून. खाली चिठ्ठीवर मी सांगितलेली ओळख. हिला मुद्दाम नेलं. ही त्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. मग मला विचारलं, ही तुम्हाला खरंच आठवते? मागच्या लग्नात तुम्ही माझ्या बहिणीच्या नवऱ्याला केटरर समजून ताट मागितलं होतं.

जुनं जास्त आठवतं, असं मी म्हणालो. ही काही बोलली नाही. ही काही बोलली नाही की मला झोप लागत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय.

प्रदर्शनात एक वयस्कर बाई आल्या. टेप गळ्यात, तशाच. कपडे शिवतात अजून. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमच्या घरातलं कुणी भिंतीवर आहे. मधल्या गल्लीतल्या शिवणवाल्यांची धाकटी. थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. तिचा एकच फोटो होता. वस्ती उठताना ट्रंक हातगाडीवरून पाण्यात पडली, त्यात तो गेला.

म्हणजे शिवणवाल्यांना थोरली खरंच होती. क्षणभर बरं वाटलं. मग अजिबात बरं वाटेना.

त्या फोटोपुढे उभ्या राहिल्या आणि रडल्या. आवाज न करता. मग कुणी ओळखलं म्हणून विचारलं. अर्काइव्हच्या बाईंनी माझ्याकडे बोट केलं. त्या शिवणवाल्या ताईंनी माझे दोन्ही हात धरले. बोटांना सुया टोचून टोचून झालेले घट्टे. मला म्हणाल्या, भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू.

मी म्हणालो, छे छे. 'छे छे' हा खरं तर कबुलीजबाब आहे. त्यांनी तो विनय समजला.

पोस्टमन शेजारी उभा होता. माझ्याकडे बघत होता. उद्धट माणूस.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
विचार केला. नीट बघता त्यात वाईट काय? एका म्हातारीला बहीण मिळाली. मला काही मिळालं नाही. शिवाय ती नसेलच कशावरून?

हे हिला बोलून दाखवलं. ही कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, मग एवढं पटवून का देताय?

२५ नोव्हेंबर, सोमवार
धीर केला. अर्काइव्हच्या बाईंना सांगितलं, त्या मुलीबाबत माझी थोडी गफलत झाली असावी. 'थोडी' आणि 'असावी' मुद्दाम घातलं. तरुण मुलगी, एकदम धक्का नको.

धक्का बसला नाही. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. माझी सगळी माणसं रांगेत होती. दाई, पहिलवान, जावा. प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. मुकादमापुढे दोन. भिंतीवरच्या चिठ्ठीवरही होतं म्हणे, बारीक अक्षरात. मला दिसलं नव्हतं. शिवणवाल्या ताईंनाही दिसलं नसावं.

फक्त थोरलीपुढचं आता काढलेलं होतं.

बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर आम्ही काहीच पक्कं करत नाही. पण तिला सख्ख्या बहिणीनं ओळखलंय."

मी म्हणालो, ती माझ्या चिठ्ठीमुळे. बाईंनी मान हलवली, ते लिहूनही घेतलं. पण ओळख मागे घ्यायची तर ताईंनीच घ्यायला हवी. माझ्या सांगण्यावर खोडता येणार नाही. माझं सांगणं खात्रीचं धरत नाहीत ना.

बिस्किटं होती. घेतली नाहीत.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
ताईंकडे गेलो. संत्री नेली. एका खोलीचं घर, खिडकीशी मशीन, मशीनच्या वर तो फोटो. अर्काइव्हनं छापून दिलेली प्रत, ताईंनी फ्रेम करून घेतलेली. बसल्याजागी मान वर केली की दिसावी अशी.

सांगायचं ठरवूनच गेलो होतो. गुडघ्यांवर बोललो. त्यांच्या, मग माझ्या. निघताना त्यांनी सांगितलं, बहिणीची मुलगी येत्या सोमवारी येणार आहे, परगावाहून. पन्नाशी उलटली तिची. आईचा चेहरा कधी पाहिलेला नाही. तुम्ही जेवायला यायचं, भाऊ, तुमच्यामुळे हा दिवस.

 

३० नोव्हेंबर, शनिवार
पुन्हा गेलो. आज नक्की. ताईंनी माझ्या शर्टाची कॉलर विरलेली पाहिली आणि शर्ट काढायला लावून उलटी बसवून दिली. मी बनियनवर बसलेलो. अशा अवस्थेत गंभीर विषय काढता येत नाही.

नवीनसारखी झाली कॉलर. हिनं पाहिलं. म्हणाली, उद्या तुम्ही सांगा, नाहीतर मी जाऊन सांगते.

१ डिसेंबर, रविवार
सांगितलं.

'असावी' वगैरे काही घातलं नाही. म्हणालो, ताई, ती तुमची बहीण आहे की नाही, मला माहीत नाही. मी तिला कधी पाहिलेलं नाही. खोकं संपवायचं होतं, बाईंना बरं वाटावं म्हणून बोलून गेलो. मशीनचा आवाज तेवढा आठवत होता.

ताईंनी मशीनवरचा हात काढला. चाक आपसूक थोडं फिरलं आणि थांबलं. मला वाटलं, आता घरातून काढतील. मनातून तेच हवं होतं. शिव्या खाऊन खाली उतरावं, हिला सांगावं, दोन घास जेवावं.

त्या म्हणाल्या, "भाऊ, मला तिचा चेहरा आठवत नाही."

मग पुढचं सांगितलं. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो, फोटोकडेही नाही, म्हणून मी आणलेल्या संत्र्यांकडे बघत होतो. बहिणीचा आवाज आठवतो. कोपरापर्यंत निळे हात आठवतात. वेणी घालताना केस किती ओढायची ते आठवतं. चेहरा मात्र कधी गेला कळलंही नाही. भिंतीपुढे उभ्या राहिल्या तेव्हा ओळख पटली नव्हतीच. पण चिठ्ठी वाचली, परक्या माणसाला आपली बहीण आठवते आणि आपल्याला नाही, म्हणून लाज वाटली. त्या लाजेनं रडू आलं. रडल्यावर मग ती तीच वाटायला लागली.

म्हणजे मी ताईंना नुसतं खोटं दिलं नाही. वर लाजही दिली.

मी म्हणालो, उद्या तुमच्या भाचीला मीच सांगतो, माझी चूक आहे. ताई उठल्या. खिडकी लावली. संत्री फळीवर नेऊन ठेवली.

"ती सकाळच्या गाडीत बसेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवायला या आणि गप्प बसा. एवढंच करा माझ्यासाठी."

२ डिसेंबर, सोमवार
गेलो. कॉलर बसवलेला शर्ट घातला होता.

भाची उंच आहे, शाळेत मुख्याध्यापिका आहे, मोकळी हसते. आल्या आल्या फोटोपुढे गेली. ताई माझ्याकडे न बघता पानं वाढत होत्या. भाचीनं फ्रेम खाली घेतली, आरशाशी गेली, स्वतःच्या गालाशी धरली. एकदा फोटो, एकदा आरसा. मग माझ्याकडे वळली. तुम्ही आईला पाहिलंय, म्हणाली. सांगा ना, माझी हनुवटी तिच्यावर गेलीय?

फोटोतल्या मुलीची हनुवटी टोकदार आहे. भाचीची गोल.

ताईंच्या हातातली पळी थांबली होती.

मी म्हणालो, हो. अगदी तशीच.

आतापर्यंत जे करत होतो त्याला मी अंदाज म्हणत होतो. आज त्याला खोटं सोडून दुसरं नाव नव्हतं.

भाचीनं फोटो पुन्हा लावला, सरळ आहे का ते दोनदा पाहिलं. ताईंनी मला वाढलं, भरपूर, नको म्हणायची सोय नव्हती. सगळं संपवलं. ती शिक्षा होती की माया, मला ठरवता आलं नाही. ताई मात्र जेवायला बसल्याच नाहीत. भाचीला जेवताना बघत राहिल्या.

घरी आल्यावर हिनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, गप्प बसलो. जवळजवळ. हिनं पाणी दिलं आणि दिवा मालवून माझ्याशेजारी बसून राहिली.

३ डिसेंबर, मंगळवार
अर्काइव्हला पुन्हा जायचं नाही. ठरलं. कार्ड ड्रॉवरमध्ये तळाशी.

९ डिसेंबर, सोमवार
बाईंचा फोन आला होता, नवं खोकं उघडलंय. कार्ड परत करायला म्हणून गेलो. परत करायचंच होतं. पण समोर फोटो मांडलेले, खुर्ची रिकामी. नुसतं बघायला बसलो.

पोस्टमन म्हणतो तसं म्हणून पाहिलं. नाही बुवा ओळखत. पहिल्यांदा जीभ अडखळली. मग सोपं गेलं. फोटोमागून फोटो, नाही बुवा. पोस्टमननं आज बिस्किटांचा पुडा स्वतःहून माझ्याकडे सरकवला.

चहानंतर एक फोटो आला. शाळेच्या पायरीवर पोरांची ओळ. कडेचा एक मुलगा, कान मोठे, शर्टाला पोटावर मोठा डाग. तो डाग रंगाच्या पिंपाचा. आईनं तो घालवायला अख्खा शर्ट पुन्हा रंगवला होता आणि तरी तो उठून दिसायचा. त्या दिवशी फोटो काढणार म्हणून मी पोटावर दप्तर धरलं होतं. ऐन वेळी मास्तरांनी काढून घेतलं. दप्तर पायाशी पडलेलं दिसतंय.

बराच वेळ बघत बसलो. पोस्टमनला दाखवला. नाही बुवा ओळखत, म्हणाला.

मग बाईंना म्हणालो, हा मी.

बाईंनी फोटो हातात घेतला. माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. कागद ओढून माझं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. क्षणभर थांबल्या. मग पेन्सिल अगदी हलकी टेकवून नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

 बरोबरच होतं.