वर्गातलं तापमान

२३ एप्रिल, सकाळी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तिकडे कामावर बरा असशील. माझे पाय सुजतात, पण ते रडगाणं नको. टिल्लीला शाळेतून घरी बसवल्याला आज नववा दिवस. दोन घास खाते, झोपत नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

अरे, सोळा वर्षांच्या पोरीने असा काय गुन्हा केला? पत्र्याच्या वर्गात तापमापक टांगून रोज दुपारी आकडे लिहिले. खालच्या वर्गातली दोन पोरं चक्कर येऊन पडली, तेव्हा ते आकडे फलकावर लावले. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. पत्र्याचं काही करायचं सोडून मुख्याध्यापक म्हणतात, ही घबराट पसरवते! चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि तू, तिचा बाप, तिकडून शाळेला लिहून पाठवलंस, "मुलीच्या मनावर परिणाम झाला आहे, आकडे खरे धरू नयेत." हात कसा धजला रे तुझा?

घाबरते ती, हो. उन्हाळा दरवर्षी असाच वाढला तर आम्ही राहायचं कुठे, असं विचारते. यात वेड कुठलं? तू आणि मी काय उत्तर दिलं? अभ्यास कर.

तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्या म्हणाल्या, "भीतीवर इलाज आहे हो. पण घरचेच तिला खोटं पाडत असतील तर मी काय करू?"

काल भांडी विसळता विसळता टिल्लीने विचारलं, "आत्या, तापमापक बिघडलेला होता, तर मग मला भासच होत होते का गं?"

धाकट्या, तो बिघडलेला नव्हता. आमच्या दवाखान्यातल्या औषधखोलीतला आहे तो, मीच रोज तपासायचे. कुणाला न विचारता तिला दिला होता. तापमापक कुठला, असं विचारायला मुख्याध्यापकांचा फोन आला आणि नोकरीच्या भीतीने मी बोलून गेले, "जुना आहे, चुकीचं दाखवत असेल." तुलाही तेच सांगितलं. त्याच भरवशावर तू सही केलीस. नऊ दिवस तुझ्यावर आग पाखडत बसले, कारण ते सोपं होतं.

आता शाळेत निघालेय, खरं लेखी द्यायला. नोकरी जायची तर जाऊ दे. परत आल्यावर तिलाही सांगणार आहे. ती कदाचित पुन्हा माझं तोंड बघणार नाही. पत्र मिळताच तू तुझं लिहिलेलं मागे घे आणि ये. माझ्यावरचा विश्वास उडाल्यावर तिला कुणीतरी आपलं माणूस लागेल.

तुझ्याही आधी खोटं बोललेली,
ताई