नकाशावर न उमटलेली अक्षरं

आबा, परवा ऑफिसातल्या नव्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, नकाशा बाहेर पाठवताना तुम्ही फॉन्टची एवढी कटकट का करता?" मी तिला सांगितलं, एकदा फजिती झाली होती म्हणून. ती हसून कामाला लागली. मला मात्र दिवसभर तुमच्याशी बोलावंसं वाटत राहिलं. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवसाबद्दल आपण दोघं नीट असं कधी बोललोच नाही.

जन्मभर हाताने नकाशे काढून तुम्ही निवृत्त झाला होतात, धुळ्याच्या घरी होतात आणि मी जळगावला एका इंजिनियर साहेबांकडे नोकरी करत होते. ऑफिसात नवाच कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर नकाशे काढायला मी शिकले होते. सावद्याकडच्या केळीवाल्या शेतकऱ्यांनी मिळून तापीचं पाणी पाइपने शेतावर आणायचं ठरवलं होतं. आधीचा नकाशा आम्ही इंग्रजीत केला होता. बैठकीत एका म्हाताऱ्या बाबांनी तो परत आमच्याकडे सरकवला. "माह्यं वावर कुठे हाये याच्यात? आम्हाले इंग्रजी वाचता येत नाही, मंग सही कशी करू?" त्यांचं बरोबरच होतं. साहेबांनी सगळी नावं मराठीत टाकायला सांगितली आणि मी ती एकेक करून टाकली. मोठा कागद छापायचं मशीन तेव्हा धुळ्याला होतं. मी फ्लॉपी घेऊन एसटीने आले. दुसऱ्या दिवशी सावद्याला बैठक होती. या वेळी सह्या झाल्या नाहीत तर निम्मे लोक अंग काढून घेणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुकानात कागद बाहेर येतोय. नदी आली, बांध आले, पाइपची रेघ आली, आणि जिथे माणसांची नावं हवीत तिथे इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी. दुकानदार भला माणूस होता. त्याने त्याच्याकडचा मराठी फॉन्ट लावून पाहिला. मग अक्षरं मराठी झाली, पण शब्द कसलेच होईनात. दुसरा लावला तर नुसत्या चौकटी उमटल्या. "ताई, तुमचा फॉन्ट फ्लॉपीत आलाच नाही. तो तुमच्याच मशीनवर राहिला," तो म्हणाला. साहेब बाहेरगावी गेलेले, ऑफिसला कुलूप. शेवटी मी नावं काढून टाकून ट्रेसिंग पेपरवर नुसत्या रेघा छापून घेतल्या आणि गुंडाळी आणि सोबत आणलेली नावांची यादी घेऊन घरी आले.

आई दारातच म्हणाली, "काय व्हयनं व माय?" मी सांगितलं. नावं हाताने लिहायची म्हणजे कोणी लिहायची, हे तिच्या लगेच लक्षात आलं. आवाज खाली करून ती म्हणाली, "त्यासले सांगू नको. त्यासना हात आते कापस." पण हात थरथरतो हे तिचं बोलणं तुम्ही आतून ऐकलं होतं. "आण इकडे," म्हणालात. दिवाणावरून उठलात, चष्मा पुसलात, कपाटातून शाईच्या पेनांची पेटी काढलीत. किती दिवसांनी तुम्ही बोर्डापुढे बसलात. आईने चहा केला होता, तो तुम्ही बाजूला ठेवायला सांगितलात, कागदाजवळ नको म्हणून.

पहिल्यांदा तुम्ही नदीचं नाव लिहायला घेतलं. 'ता' चांगला आला. 'पी'ची वेलांटी काढताना हात उडाला. तुम्ही ब्लेडने शाई खरवडलीत, कागद नखाने घासून गुळगुळीत केलात, पुन्हा लिहिलंत. पुन्हा तेच. डाव्या हाताने उजवं मनगट धरून लिहून पाहिलंत. आई चुलीपाशी पाठमोरी बसली होती, भाकरी थापत नव्हती. तिसऱ्यांदा खरवडताना कागद फाटला. तुम्ही त्या भोकाकडे बघत बसलात. मग पेन माझ्यापुढे ठेवलंत. "तू लिही. मी सांगतो."

मला शाईने लिहायची सवय नव्हती. तुम्ही म्हणत होतात, श्वास सोडून रेघ ओढ. नाव घाईने संपवू नकोस, ज्याचं आहे तो ते शोधत येणार आहे. फाटलेल्या जागी मागून पट्टी लावलीत, तेवढं तुम्हाला जमलं. उजेड होता तोवर आपण लिहीत होतो. मधे एकदा तुम्ही विचारलंत, "मशीनने असं का केलं?" मी सांगितलं, फ्लॉपीत अक्षराचं रूप जात नाही, नुसता त्याचा आकडा जातो, रूप समोरच्या मशीनवर असावं लागतं. "म्हणजे माणूस पाठवलाच नाही, नुसता निरोप पाठवला," म्हणालात, आणि यादीतलं पुढचं नाव वाचलंत.

सावद्याला त्या बाबांनी कागदावर बोट फिरवत आपलं नाव शोधलं आणि तिथेच थोडा वेळ बोट ठेवलं. सह्या झाल्या. त्यांनी विचारलं, "अक्षर कोनाचं हाये?" मी म्हणाले, माझ्या वडिलांचं. हे तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "माझं कुठे होतं ते." त्यानंतर तुम्ही कधी पेन हातात घेतलं नाही. किराणा सांगायचा तरी आईला तोंडी सांगायचात. पुढचा उन्हाळा यायच्या आधी तुम्ही गेलात.

पुढे मी शिकले, फॉन्ट सोबत पाठवायचा, नाहीतर अक्षरांच्याच रेघा करून टाकायच्या, म्हणजे ती कुठेही उमटतात. अगदी सोपं होतं. ते मला एक दिवस आधी माहीत असतं, तर तुमचा हात आता चालत नाही हे तुमचं तुम्हाला, आमच्यासमोर, असं कळलं नसतं. की कधीतरी कळलंच असतं? आईला विचारलं होतं एकदा. ती म्हणाली, "त्यासले पहिलेच माहीत व्हतं. तुनाकरता बसनात." तुझ्यासाठी बसले. मी ते मानायचा प्रयत्न करते. नेहमी जमत नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमच्या फोटोखाली नाव मीच लिहावं, असं सगळे म्हणाले होते. मी बसले, आबा, पण माझ्याने लिहवलं नाही. बाजारातून छापून आणलं.